थांबा आणि सरावाची नाणी

तिला थांबा हे नाव आईनं ठेवलेलं नाही, शाळेच्या दाखल्यावरही ते नाही. वर्गात मास्तर फळा पुसायला वळले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "थांबा." मास्तर थांबायचे. मग ही उभी राहून असं काहीतरी विचारायची की वर्ग फिदीफिदी हसायचा. पण उत्तर देता देता मास्तरांचंच गाडं अडलं की हसणारे गप्प. बरं, उत्तर मिळालं तरी ही खाली बसायची नाही. "परत सांगा," म्हणायची, "या वेळी मला काहीच येत नाही असं धरून सांगा." चिडवण्यासाठी पडलेलं नाव तिनं पुढं कॉलेजातही स्वतःच नेलं. कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगायची, मला थांबा म्हणतात.

मी तिला लहानपणापासून बघत आलेय. आमच्या गल्लीत, पादचारी पुलाच्या जिन्याखाली, तिची आई बॅगा दुरुस्त करते. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक बसकं स्टूल आणि वर ताडपत्री. तुटलेली चेन, निखळलेलं चाक, उसवलेला पट्टा, बॅगवाली कशालाच नाही म्हणत नाही. पोरगी शाळा सुटली की तिथंच. गिऱ्हाईक बॅगेचं दुखणं पाल्हाळ लावून सांगायचं, आणि सगळं ऐकून घेऊन ही आईकडे वळायची, "चेन शाबूत आहे, रनर गेलाय." गिऱ्हाइकाचा हिरमोड व्हायचा. एवढं बोललो ते फुकट गेलं, असं त्याच्या तोंडावर दिसायचं.

गल्लीतल्या ठेलेवाल्यांची आणि गाळेवाल्यांची संघटना आहे, तिचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे पालिकेशी भांडणं, आपसातली भांडणं मिटवणं, आणि एखाद्या दिवशी भांडण नसेल तर ते का नाही याची चौकशी करणं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काही माझ्या नाकावर टिच्चून घडलं.

कॉलेजात तिच्या वर्गात दोन पोरं होती. एकाला मी घाई म्हणते, कारण तो पायऱ्यासुद्धा एकेक उतरत नाही. दुसरा कुलूप. त्याच्याकडे सुरक्षेचं काम आणि बोलणं इतकं कमी की तोंडालाही कुलूपच. दोघांच्या डोक्यात एक अ‍ॅप होतं. क्रिप्टोचे पैसे द्यायचं-घ्यायचं अ‍ॅप, पण ज्यानं हा शब्दही कधी ऐकला नाही त्याला पहिल्याच दिवशी वापरता यावं असं. त्यांनी बनवलेला पहिला नमुना त्या दोघांनाच कळत होता, आणि त्यातही घाईला थोडा कमी.

"आम्हाला काहीच न कळणारा माणूस पाहिजे होता," घाईनं मला नंतर बिनदिक्कत सांगितलं. "वर्गात हिच्याइतकं कमी कुणालाच कळत नाही."

हे त्यानं तिच्यासमोरच म्हटलं होतं. दुसरी एखादी असती तर चप्पल काढली असती. हिनं खुर्ची ओढली आणि बसली. "दाखवा," म्हणाली.

तिथून त्यांचा नियम सुरू झाला. तिनं थांबा म्हटलं की दोघांनी कीबोर्डवरून हात उचलायचे, दोन्ही हात वर, पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे. तिला अडलेली गोष्ट सुटेपर्यंत कुणी एक अक्षर टाइप करायचं नाही. कॉलेजच्या कँटीनच्या मागच्या खोलीत ते बसायचे. तिथं मोडक्या टेबलांची थप्पी आणि एक न चालणारा फ्रीज. मी एकदा गेले तर दोघं पोरं हात वर करून बसलेली आणि ही शांतपणे स्क्रीन वाचतेय. मला वाटलं, दरोडा पडलाय.

पहिल्याच आठवड्यात तिनं त्या अ‍ॅपची सालटी काढली. पैसे कुणाला पाठवायचे त्याच्या पत्त्याच्या जागी आकड्या-अक्षरांची लांबलचक शेपटी होती. "हे काय आहे? कीबोर्डवर मांजर झोपलं होतं का?" शेपटी गेली, तिथं दुकानाचा फोटो आणि नाव आलं. पैसे पोचवण्याबद्दल जे थोडं कापलं जातं त्याला त्या धंद्यात गॅस म्हणतात. "कसला गॅस? शेगडीचा?" घाईनं समजावलं. तिनं परत समजावून घेतलं. मग म्हणाली, "ओझं पोचवणाऱ्याला देतात ते. हमाली लिहा."

"हमाली?" कुलूपाच्या चेहऱ्यावर कळ उमटली. "कॉलेजच्या मॅडम हसतील."

"मॅडमना कळेल ना? मग हसू दे."

आणि एकदा तिनं सगळ्यात मोठा प्रश्न विचारला, हे पैसे असतात कुठं? घाईनं फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, आणखी चौकोन काढले. शेवटी कुलूपच बोलला. "कुठंच नसतात. कुणाकडे किती आहेत, कुणी कुणाला दिले, याची नोंद असंख्य मशिनांवर एकसारखी असते. एकाला खोटं बोलायचं तर सगळ्यांना बोलायला लावावं लागेल."

ती म्हणाली, "म्हणजे आमच्या गल्लीत कुणी कुणाकडून काय घेतलं ते सगळ्या गल्लीला पाठ असतं, तसंच."

"हो," कुलूप म्हणाला. "अगदी तसंच."

"मग इतका वेळ चौकोन कशाला काढत होतात?"

घंटेची कल्पनाही तिचीच. पैसे आले की फोनवर मोठा हिरवा टिळा, त्यावर 'पैसे मिळाले', आणि घंटेचा गोड आवाज, टिंग. हात भरलेले असतात, फोनकडे बघायला सवड नसते, कानाला तरी कळू दे, असं तिचं म्हणणं. आणि ते नाणंही त्यांनी रोज वरखाली उड्या मारणारं निवडलं नव्हतं. रोजच्या पैशाशी बांधलेलं होतं, काल जेवढ्याचं तेवढ्याचंच आज.

मग ती तिघं संघटनेच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

कॉलेजात निवड होणार होती. निवडलेल्या एका टोळीला वर्षभरासाठी खोली, मशिनं आणि हातखर्च. अट एकच. खऱ्या बाजारातली माणसं आणा, ज्यांनी हे वापरलंय, आणि आम्हाला हे हवंय असं त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगू दे. थांबाला बाजार म्हटलं की एकच ठाऊक. आमची गल्ली.

क्रिप्टो हा शब्द ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. मागे टाय लावलेले दोघं येऊन गल्लीत दामदुपटीच्या गप्पा मारून गेले होते, त्यांना मी जिन्यापर्यंत पळवत नेलं होतं. मी या पोरांनाही तेच सुनावलं. बरंच सुनावलं. घाई दाराकडे सरकला. कुलूप भिंतीला चिकटला. थांबा समोरच्या खुर्चीत बसून राहिली.

"ताई, ओरडून झालं की सांगा. मग बोलते."

या खोलीत असं मला कुणी म्हटलेलं नाही.

तिनं सांगितलं. एकही जड शब्द न वापरता सांगितलं, आणि मला राग आला तो याचा की मला सगळं कळलं. नाही म्हणायला कारण उरलं नाही. तरी मी बजावलं, "हे बघ, गल्ली नाही म्हणाली तर तुमचं अ‍ॅप गेलं, तेवढंच. पण गल्ली फसली तर तुझ्या आईला इथं पेटी मांडायला तोंड राहणार नाही. रोज याच लोकांत बसायचंय तिला."

"माहितेय," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणायच्या आधी मला तेच दिसत होतं."

"मी हो कधी म्हटलं?"

"आत्ता म्हणताय."

सराव सुरू झाला. खरे पैसे नाहीत, आधी सरावाची नाणी, असं ठरलं होतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये अ‍ॅप, त्यात थोडी सरावाची नाणी. किंमत शून्य. मागितली की हवी तेवढी फुकट मिळतात. घाई स्टुलावर चढला आणि त्याच्या त्या वेगात बोलला, "सराव आहे, नेटवर्क टेस्टचं आहे, खऱ्याशी संबंध नाही, त्यामुळे बिनधास्त पाठवा, काही होत नाही." लोकांनी त्यातलं उचललं एवढंच, बिनधास्त पाठवा.

आणि काय सांगू, गल्ली पेटलीच. दिवसभर टिंग. पुलावरून जाणारे वाकून बघायचे, इथं काय चाललंय. चहावाली काकू, जिला फोन फक्त कानाला लावायचा असतो एवढंच माहीत, तिनं मोजेवाल्याला नाणं पाठवलं आणि त्याच्या ठेल्यावर टिंग वाजल्यावर अशी बघत राहिली जणू तो आवाज तिनंच घडवलाय. मोजेवाल्यानं परत पाठवलं. टिंग. टेलरमावशी, जिची दोन मशिनं गल्लीच्या तोंडाशी आहेत आणि जिची जीभ तिसरं मशीन आहे, ती आधी म्हणाली, "असली थेरं मला नकोत." दुसऱ्या दिवशी मांडीवर फोन आणि पाय मशीनवर. "आलं बघ माझं. टिंग झालं."

थांबा गल्लीभर फिरायची, मागे हात बांधून, कुणाचं बोट कुठं अडखळतं ते बघत. बोटं अडखळतच नव्हती. बॅगवाली पेटीवरून मान वर करून लेकीकडे बघायची आणि परत मान चेनमध्ये घालायची. तिला असं पाहिलेलं मला आठवत नाही. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, दुसऱ्या बाजारांच्या संघटनांना फोन करून फुशारकी मारायला लागले होते.

निवड दोन दिवसांवर आली आणि टेलरमावशी संघटनेच्या खोलीत शिरली. हातात रिकामी पिशवी. फोन तिनं माझ्या टेबलावर आपटला.

"हे घे. तुझ्या लाडक्यांचं खेळणं."

"काय झालं?"

"ठोकवाल्याकडे दोरा आणायला गेले होते. पेटीभर रिळं काढून घेतली. म्हटलं, पैसे आता यातनं देते. त्यानं फोन घेतला, उलटा केला, सुलटा केला, गिऱ्हाइकांना दाखवला. आणि हसला. म्हणाला, बाई, याच्यात खडेसुद्धा येणार नाहीत. सगळं दुकान हसलं."

"मावशी, ते सरावाचे..."

"सरावाचे? मी मोजेवाल्याच्या घरचे सगळे पडदे शिवून दिलेत यावर. झालर लावून. माझा सराव नाही झाला त्यात, कंबर मोडली."

मी तिघांना बोलावून घेतलं. कसं बोलावलं ते लिहीत नाही. आल्यावर थांबानं फोन हातात घेतला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. हिरवा टिळा. 'पैसे मिळाले'. खाली शिल्लक, ठसठशीत. आणि वर कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीएवढा एक शब्द, टेस्टनेट, म्हणजे सरावाचं नेटवर्क.

"हा शब्द मावशीला काय सांगतो?" तिनं स्वतःशीच विचारलं.

"तो तर पहिल्यापासून आहे," घाई म्हणाला. "तू रोज बघतेस."

"रोज बघते. मला त्याचा अर्थ माहीत झाला ना. मग दिसायचाच बंद झाला." तिनं मान वर केली. "मी शेवटचं थांबा कधी म्हटलं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आठवेना.

"म्हणून तर काम इतकं भराभर व्हायला लागलं होतं," घाई हळूच म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं आपण काय म्हणतोय ते. त्या पोराला मी पहिल्यांदाच सावकाश बोलताना ऐकलं.

झालं होतं ते एवढंच. काही न कळणारी म्हणून घेतलेल्या पोरीला सगळं कळायला लागलं होतं आणि तिची जागा कुणीच भरली नव्हती. तिच्यासकट तिघांनी ती खुर्ची भरलेलीच धरली होती.

मावशीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. "माझ्या पडद्यांचं बोला."

मोजेवाला आला. त्याचं म्हणणं, मी काही फसवलं नाही, मलाही काकूकडून मिळाले होते. तिच्या घरच्या सगळ्यांना मोजे दिलेत मी, लोकरीचे. चहावाली काकू आली, हातात किटली तशीच. "मी काय घरी छापले का? मला या घोड्यानं दिले." तिनं किटलीची तोटी घाईकडे रोखली. "रोज येतो, चहा पितो, टिंग करतो, जातो. दिवसातनं किती वेळा. त्याचं बघून याची मित्रमंडळीही टिंग करून जातात."

घाईच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, मी टेस्टिंग करत होतो. मला वाटलं, चहा तुम्ही असाच पाजताय."

"का? तू माझा जावई आहेस?"

अशी सगळी साखळी. यानं फुकटच्या नाण्यांवर चहा ढोसला, काकूकडे नाण्यांचा ढीग साठला, ढिगाचे मोजे झाले, मोज्यांचे पडदे झाले, आणि पडद्यांचं जे व्हायचं ते ठोकवाल्याच्या दुकानात मावशीच्या वाट्याला आलं.

कुलूपानं दार लावून घेतलं. "मावशींना आत्ताच पैसे देऊ," तो म्हणाला. "आज रात्रीत तो शब्द मोठा करतो. परवा निवड आहे. बाकी गल्लीला कळायची गरज नाही."

पोरगा वाईट नाही. घाबरला होता. मीही त्या क्षणी काही बोलले नाही, कारण जिन्याखालची लाकडी पेटी माझ्याही डोळ्यांसमोर होती.

थांबा उठली आणि सरळ आईकडे गेली. मी मागोमाग. बॅगवाली एका सुटकेसचं चाक ठोकत होती. लेकीनं उकिडवं बसून सगळं सांगितलं. आईनं हातोडी खाली ठेवली, फोन काढला.

"माझ्याकडेही आहेत गं. दोन बॅगा केल्या मी यावर."

"आई, पण तुला तर मी घरी सांगितलं होतं, सरावाचे आहेत म्हणून."

"सांगितलंस. पण मला वाटलं, तुझं आहे म्हणजे खरंच असणार."

थांबाचा चेहरा मी बघितला नाही, पुलाकडे बघत राहिले. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. आईचंच बसकं स्टूल तिनं गल्लीच्या मधोमध नेलं आणि त्यावर चढली. ते इतकं बुटकं की चढूनही ती मोजेवाल्याच्या खांद्याला लागत होती.

"थांबा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण गल्ली थांबली.

"तुमच्या फोनमध्ये जे पैसे आहेत ते खेळण्यातले आहेत. पहिल्या दिवसापासून. त्याला बाहेर किंमत नाही. आम्ही ते खऱ्यासारखे दिसतील असे केले, घंटासुद्धा खरीच लावली. तुमची चूक नाही. ज्यानं त्यावर माल दिला, काम केलं, त्यानं पुढं या."

मग जो कल्ला उठला तो तुम्ही कल्पनेनं ऐका, मी सगळा लिहिला तर छापणारा पळून जाईल. तिच्याबद्दल, माझ्याबद्दल, कॉलेजबद्दल, काय काय. पलीकडून कुणीतरी बॅगवालीला टोमणा मारला, "पोरीला शिकवलंस ते हेच का?"

बॅगवालीनं चाकावरची नजर काढली नाही. "हो. अजून शिकतेय ती. तुझी बॅग केव्हाची करून ठेवलीय मी, आधी ती सोडवून ने आणि मग बोल."

थोडे हसले. हसू फुटलं की गल्लीचा राग निम्मा होतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तेवढ्यात पुढं झाले आणि साखळी सगळ्यांसमोर उलगडली. घाईनं खिसे उलटे केले. कुलूपानं पाकीट काढलं. टिंग करून गेलेल्या मित्रमंडळींना फोन गेले आणि तेही चेहरे पाडून हजर झाले. खऱ्या नोटा गोळा झाल्या, त्या काकूच्या हातात गेल्या. काकूनं त्या मोजून मोज्यांच्या वाटणीच्या मोजेवाल्याला दिल्या, आणि देताना तोंडानंच म्हणाली, "टिंग."

मोजेवाल्याला राहवलं नाही. त्यात स्वतःच्या नोटांची भर घालून त्यानं टेलरमावशीपुढं धरल्या. आता सगळी गल्लीच एका सुरात म्हणाली, "टिंग." वरून, पुलावरूनसुद्धा कुणीतरी म्हटलं. बॅगवालीच्या दोन बॅगा, आणखी कुणाचं काय काय, एकेक सुटत गेलं आणि दर वेळी टिंग. संध्याकाळपर्यंत गल्लीला त्याचा असा छंद लागला की ज्यांचा यात काही संबंध नव्हता तेही एकमेकांची जुनी बाकी देऊन टिंग करायला लागले.

मावशीनं नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या. पण हलली नाही.

"पैसे आले. तो ठोकवाला हसला त्याचं काय?"

थांबा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, मी आता त्या कामाची उरले नाही. मला सगळं कळतं. तुम्ही चला."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच."

मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मापं घेतल्यासारखं. "चहा लागेल. खऱ्या पैशाचा."

दुसरा अख्खा दिवस मावशी त्या मोडक्या टेबलांच्या खोलीत होती. हात वर करून करून पोरांचे खांदे भरून आले. त्यांनी कोपऱ्यातला शब्द मोठा केला. "थांबा. मोठा झाला, पण अर्थ कुठं आला?" लाल पट्टी केली. "थांबा. लाल म्हणजे माझे पैसे संपले की काय?" पिवळी केली. "थांबा. मी चष्मा काढते, आता दाखव." चष्म्याशिवाय काहीच दिसेना. शेवटी घाई वैतागून म्हणाला, मग काय सगळ्या स्क्रीनवर खोटे पैसे असं लिहू का? मावशी म्हणाली, "हं, हे कळलं." तेच लिहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, 'खोटे पैसे'. आणि थांबानं एक गोष्ट स्वतःहून केली. सरावातली घंटा काढून टाकली. खऱ्यालाच वाजेल, म्हणाली.

त्या संध्याकाळी मी गल्लीची बैठक घेतली, होकार द्यायचा की नाही. कुणी म्हणे द्या, कुणी म्हणे हाकला. चहावाली काकू म्हणाली, "जिची जास्त नाचक्की झाली तिला ठरवू द्या." ठरलं. मावशी जाईल, तिच्या मनात येईल ते बोलेल.

निवडीच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात पहिल्या रांगेत आम्ही. मावशी, मी आणि बॅगवाली. बॅगवालीनं पेटीला टाळं लावलं होतं, जे ती ताप आला तरी लावत नाही. समोर टेबलाशी मॅडम आणि आणखी दोघं परीक्षक. घाई सुटला. पहिल्या मिनिटातच त्यानं श्वास न घेता इतकं सांगितलं की परीक्षकांच्या माना डोलायला लागल्या. न कळता डोलतात तशा.

"थांबा," मावशी म्हणाली.

घाईचे हात वर. कुलूपाचे हात वर. थांबाचेही वर.

मॅडमनी चष्मा सारखा केला. "आपण कोण?"

"मी आता यांची थांबा. ती जुनी झाली."

"प्रश्न शेवटी घेऊ या."

"शेवटपर्यंत तो काय बोलला ते मी विसरेन. तुम्हाला कळलं का, विकेंद्रित म्हणजे काय?"

मॅडमनी शेजारच्या परीक्षकाकडे बघितलं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. मग मॅडम चक्क हसल्या. "परत सांग," घाईला म्हणाल्या. "आणि जरा हळू."

बोलली मग थांबाच. गल्लीला सगळं पाठ असतं, तिथून सुरू केलं. खोट्या नाण्यांचं तिनं लपवलं नाही, चहा, मोजे, पडदे, सगळं सांगितलं. परीक्षकांपैकी एकाचा चेहरा कडक झाला. त्यानं थेट मावशीला विचारलं, "म्हणजे तुमची फसगत झाली. मग तुमची गल्ली हे वापरणार का?"

बॅगवालीनं माझा हात धरला.

"आज नाही," मावशी म्हणाली.

घाईनं डोळे मिटले.

"आज हे कच्चं आहे. मला अजून तिसऱ्या पानावर घाम फुटतो. पण चुकल्यावर ही पोरगी सगळ्यांसमोर स्टुलावर चढली. टायवाले चढले नव्हते. यांना खोली द्या, वर्ष द्या. मी आहे थांबवायला. आणि खोली जरा पंख्याची द्या, हात वर करून पोरांना घाम येतो."

खोली मिळाली. पंख्याची. निकाल ऐकल्यावर कुलूप इतका मोठ्यानं ओरडला की घाई दचकला. बॅगवालीनं लेकीला जवळ घेतलं नाही, तिच्या दप्तराची चेन अर्धी उघडी होती ती ओढून बंद केली. तिच्याकडे तेच जवळ घेणं.

ऋतू पालटले, आणि एक दिवस खऱ्या नाण्यांचा दिवस उजाडला. पहिला व्यवहार कुणाचा यावर गल्लीत वादच झाला नाही. टेलरमावशी ठरलेलीच. आणि तिनं कुठं जायचं हेही ठरलेलं. निम्मी गल्ली मागे घेऊन ती ठोकवाल्याच्या दुकानात शिरली. दोऱ्याच्या रिळांच्या भिंती, गल्ल्यावर तो.

"पेटीभर रिळं काढ," मावशी म्हणाली. "आणि फोन काढ. तुझ्यात अ‍ॅप घालते."

माणसं बघून तो नाही म्हणू शकला नाही. मावशीनं त्याला भराभर दाखवलं. इथं दाब, इथं फोटो, इथं नाव, ही हमाली, हे झालं. बोटं कशी सपासप चालत होती. ठोकवाला फोनकडे बघत, कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "थांबा थांबा. परत सांगा. हमाली कुणाला?"

थांबा, म्हणजे आमची पहिली थांबा, दाराशी गठ्ठ्यावर बसली होती. ती ताडकन उठून पुढं आली आणि त्या माणसाकडे असं टक लावून बघायला लागली जसं हिरा सापडलाय.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला आता फार कळायला लागलंय."

मावशीचं बोट हवेतच राहिलं. तिनं पोरीकडे बघितलं, ठोकवाल्याकडे बघितलं, परत पोरीकडे.

"याला? माझ्या खुर्चीत?"

"त्याला काहीच कळत नाहीये, मावशी. बघा ना, किती छान."

मावशीनं बटण दाबलं. ठोकवाल्याच्या हातात टिंग वाजलं, खरं, आणि तो दचकून फोनच टाकणार होता. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. या वेळी हसलं कुणी नाही. मावशीनं रिळांची पेटी काखोटीला मारली.

"घ्या याला," ती म्हणाली. "पण चहा याच्या पैशानं."